कराबीन स्वाराची की घोड्याची?

स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार; धन्याच्या पागेतल्या घोड्यावर बसून लढतो तो बारगीर. मराठ्यांच्या इतिहासाची तोंडओळख असलेल्या वाचकाला ही व्याख्या नव्याने सांगायला नको. मात्र हे दोन्ही शब्द पेशवाईबरोबर संपले नाहीत, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत हिंदुस्थानातले बहुतेक देशी घोडदळ ‘सिलदार’ पद्धतीवर उभे होते आणि इंग्रज अधिकारी आपल्या अहवालांत व पुस्तकांत हे शब्द भाषांतर न करताच वापरत होते. ‘पूना हॉर्स’ हे नाव आज आपण रणगाड्यांच्या संदर्भात ऐकतो. त्याचा जन्म १८१७च्या पुणे तहातला. दुसऱ्या बाजीरावाने तोडून दिलेल्या मुलखाच्या वसुलावर इंग्रजांनी उभे केलेले ते घोडदळ. शब्द आपले, पद्धत आपली, धनी तेवढा बदललेला.

या पद्धतीत भरती होणारा स्वार घोडा आणायचा किंवा त्याची किंमत भरायचा. खोगीर, लगाम, तलवार, अंगावरचे कपडे हे सगळे त्याचे किंवा त्याच्या पगारातून कापलेले. दोन स्वारांत मिळून एक तट्टू आणि एक घासकाप्या असे. महिन्याच्या पगारात घोड्याचा दाणावैरणही आला. सरकारकडून त्याला मिळे ते मुख्यतः एकच हत्यार: कराबीन, आणि तिची काडतुसे. म्हणजे घोड्याच्या नालापासून स्वाराच्या फेट्यापर्यंत सारे शिलेदाराचे आणि त्यात ही साडेसात रत्तलांची एक वस्तू सरकारची.

ती वस्तू तो नेमकी कुठे अडकवत असे, या साध्या प्रश्नाने मला या विषयात ओढले. त्या काळच्या स्टुडिओत काढलेली स्वारांची छायाचित्रे पाहावीत, तर हातात तलवार असते, भाला असतो, छातीवर पदक असते. कराबीन माझ्या पाहण्यात फार थोड्या चित्रांत आली. जे हत्यार मिरवायचे नाही ते कुठेतरी मागे, घोड्याच्या अंगाला लटकत असणार, हे उघड आहे. पण लढाईच्या दिवशी हे ‘कुठेतरी’ फार महत्त्वाचे ठरते. त्यावरून लंडन, काबूल आणि प्रिटोरियापर्यंत वाद झाले आणि त्या वादात माणसे मेली.

आधी थोडे हत्याराविषयी. ‘कराबीन’ हा शब्द आपल्याकडे जुनाच. आखूड नळीची, घोड्यावरून हाताळता येईल अशी बंदूक. नेपोलियनच्या काळापासून क्रिमियन युद्धापर्यंत ब्रिटिश घोडेस्वार ती अंगावर बाळगत. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत रुंद चामडी पट्टा, त्या पट्ट्यावर सरकणारी फिरती कडी, आणि बंदुकीच्या कुशीला बसवलेल्या लोखंडी दांडीवर एक कडे. कडी कड्यात अडकवली की कराबीन उजव्या मांडीशी लोंबायची. ती हिंदकळू नये म्हणून नळीचे तोंड खोगिराला बांधलेल्या छोट्या चामडी टोपणात खुपसत. या व्यवस्थेचा मोठा फायदा असा, की बार काढून झाला की बंदूक सरळ हातातून सोडून द्यायची. ती पट्ट्याला लटकत राहते आणि हात तलवारीला मोकळा होतो. अडचण ठासणीच्या गजाची होती. धावत्या घोड्यावर गज हातातून निसटला की बंदूक म्हणजे नुसते लाकूड. म्हणून पॅजेट नावाच्या कराबिनीत तो गज नळीच्या तोंडाशीच बिजागरीने जखडून टाकला होता. ज्या सरदाराचे नाव तिला मिळाले, त्या हेन्री पॅजेटचा पाय पुढे वॉटर्लूत गेला.

मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि गज गेला. १८६०च्या दशकाच्या अखेरीस स्नायडर कराबीन आली. १८७७ साली मार्टिनी-हेन्रीची घोडदळी आवृत्ती निघाली. लांबी साधारण ३७ इंच, म्हणजे पायदळाच्या बंदुकीहून जवळजवळ फूटभर कमी. आखूड आणि हलक्या बंदुकीचा धक्का जबर बसतो, म्हणून तिची काडतुसेही वेगळी. पायदळाच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी. कराबिनीच्या काडतुसात ७० ग्रेन दारू आणि ४१० ग्रेनची गोळी. एवढ्याने स्वाराचा खांदा वाचला, पण पल्ला घटला. त्याची किंमत वीस वर्षांनी चुकवावी लागली.

याच सुमारास पट्टा आणि कडी मागे पडून ‘बकेट’ आले. नावावरून पाण्याची बादली डोळ्यांसमोर येते, पण ही जाड चामड्याची लांबट म्यानवजा पिशवी. ती खोगिराच्या उजव्या अंगाला, स्वाराच्या मांडीच्या मागे बांधलेली असे. कराबीन तिच्यात नळी खाली आणि दस्ता वर अशी उभी खुपसायची, आणि दस्त्याच्या मानेभोवती एक बंद आवळायचा. मार्टिनी-हेन्रीच्या घोडदळी कराबिनीला खांद्यावर टांगण्याच्या पट्ट्यासाठी कड्याही ठेवलेल्या नव्हत्या. मागच्या माशीला घासू नये म्हणून तिच्यावर चामड्याचे झाकण होते. पुढे १८९४ची ली-मेटफर्ड कराबीन आली तेव्हा तिच्या खटक्याची मूठ चपटी करून पुढे वाकवली आणि पुढच्या माशीच्या दोन्ही बाजूंना संरक्षक कान दिले. बकेटातून उपसताना काही अडू नये म्हणून. बंदुकीचा आकार असा तिच्या म्यानाने ठरवलेला. हत्यारांच्या इतिहासात असे बारकावे कुणी फारसे सांगत नाही, आणि मला तर त्यांतच जास्त रस वाटतो.

बकेटाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पाठीवर आडवी बांधलेली साडेतीन किलोची बंदूक दुडक्या चालीत मणक्यावर ठोके देते. घोड्यावरून पडलात तर पाठ तिच्यावरच आपटते. तलवारीचा वार करताना खांदा अडतो. शिवाय चढाई म्हणजे गुडघ्याला गुडघा लावून भरधाव जाणे. तिथे अंगावर लोंबणारी प्रत्येक वस्तू शेजाऱ्यालाही घातक. घोडा तसाही स्वारासकट सव्वाशे किलोचे ओझे वाहतोच, त्यात आणखी एक. म्हणून तलवार माणसाच्या कमरेला आणि कराबीन घोड्याला, अशी वाटणी झाली. घोडदळाच्या अधिकाऱ्याला ती स्वाभाविक वाटे, कारण त्याच्या लेखी स्वाराचे खरे हत्यार तलवार किंवा भाला. बंदूक पहाऱ्यासाठी, टेहळणीसाठी, अडीअडचणीला.

पण स्वार घोड्यावरून उतरला, किंवा उतरवला गेला, तर?

याचे उत्तर ११ डिसेंबर १८७९ रोजी काबूलच्या पश्चिमेला, चारदेह खोऱ्यातल्या किल्ला काझी गावापाशी मिळाले. दुसऱ्या अफगाण युद्धातली ही चकमक. ब्रिगेडियर मॅसीकडे तीनशेच्या आसपास घोडेस्वार, म्हणजे नववे लान्सर्स आणि चौदावे बंगाल लान्सर्स, आणि चार घोडतोफा. समोर महंमद जानचे हजारो अफगाण. तोफा वाचवण्यासाठी भालाइतांना चढाई करावी लागली. जमीन पाटांनी आणि चरांनी कापलेली, कडेला दगडधोंडे. घोडे अडखळले, कोसळले. नवव्या लान्सर्सचा कर्नल क्लेलँड प्राणघातक जखमी झाला. खुद्द जनरल रॉबर्ट्स तिथे येऊन पोचला होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत हे घडत होते. चरात पडलेल्या घोड्यांखाली काही स्वार चिरडत होते. अफगाण जवळ येत असताना एका पाद्र्याने, रेव्हरंड ॲडम्सने, कमरभर पाण्यात उतरून त्यांना ओढून काढले. त्याला पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; धर्मोपदेशकाला मिळालेला तो पहिलाच. चारही तोफा काही काळ सोडून द्याव्या लागल्या.

शौर्याची ही बाजू इंग्रजी पुस्तकांत भरपूर रंगवलेली आहे. रॉबर्ट्सच्या नजरेने मात्र दुसरी गोष्ट टिपली. घोडा गमावलेला स्वार जमिनीवर उभा राहिला, तेव्हा त्याच्याजवळ काय होते? पायात अडकणारी लांब तलवार. कराबीन घोड्याबरोबर गेली होती. घोडा मेला असेल तर ती त्याच्या अंगाखाली, आणि उधळला असेल तर शत्रूच्या गर्दीत. पळायला तलवार आड येते आणि उभे राहून लढायला बंदूक नाही. वाटणी नेमकी उलटी झाली होती. रॉबर्ट्सने या अनुभवानंतर मोहिमेवरच्या घोडदळासाठी हुकूम काढला, की कराबीन स्वाराच्या अंगावर टांगावी आणि तलवार खोगिराला अडकवावी. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फॉर्टी-वन इयर्स इन इंडिया’ या आत्मचरित्रात त्याने या बदलाची कारणेही दिली आहेत.

त्या हुकुमाचा अर्धा भागच रुजला. १८९०च्या दशकात तलवार ब्रिटिश स्वाराच्या कमरेवरून उतरून खोगिराच्या डाव्या अंगाला गेली. कराबीन मात्र बकेटातून निघेना. आता उजव्या अंगाला बंदूक, डाव्या अंगाला तलवार, आणि मध्ये बसलेला माणूस जवळजवळ निःशस्त्र, अशी अवस्था झाली.

इतर देशांत काय चालले होते हे पाहिले की ही अडवणूक ब्रिटिशांपुरती नव्हती असे दिसते. अमेरिकेच्या घोडदळाने पट्टा आणि कडी बराच काळ टिकवली. रुंद पट्टा खांद्यावरून, त्याला झटक्यात उघडणारी कडी, आणि नळीचे टोक खोगिराच्या छोट्या टोपणात. २५ जून १८७६ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरचे सैनिक अशीच स्प्रिंगफील्ड कराबीन घेऊन गेले. तलवारी त्यांनी मागेच ठेवल्या होत्या. ही बंदूक उतरताच सोबत येत असे, ही तिची खूण. पण पडताना नळी टोपणात अडकली तर स्वारही घोड्यामागे फरफटत जाई, म्हणून १८८०नंतर तिथेही लांब चामडी म्यान आले. रशियाने सरळ मार्ग धरला. १८८२ साली रक्षक दल सोडून आपले सारे नियमित घोडदळ त्याने ड्रॅगून करून टाकले, म्हणजे घोड्यावरून जाणारे आणि उतरून लढणारे, आणि बंदूक पाठीवर टांगली. कोसॅक ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच टांगत आला होता. जर्मनांनी उलटी दिशा घेतली. दशकाच्या शेवटी सगळ्या घोडदळाला भाले दिले. स्वार हा भालाईत की बंदूकवाला, याचे प्रत्येक देशाचे उत्तर त्याच्या खोगिराच्या सामानावरून वाचता येते.

आता पुन्हा आपल्या शिलेदाराकडे येऊ. त्याच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर होता. १८५७नंतर सरकारने ठरवून हिंदी पलटणींच्या हाती एक पिढी जुने हत्यार ठेवले. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा कुठे मार्टिनी त्याच्या वाट्याला आली. २७ जुलै १८८०ला कंदाहारजवळ मैवंद येथे मुंबई इलाख्याच्या फौजेचा जो पराभव झाला, त्यात हा फरक एकाच रणांगणावर दिसला. ६६व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री. शेजारी उभ्या असलेल्या बाँबे ग्रेनेडियर्सकडे आणि जेकब्ज रायफल्सकडे स्नायडर. त्या दिवशी तिसरे बाँबे लाइट कॅव्हलरी आणि तिसरे सिंध हॉर्स तासन्‌तास अफगाण तोफांच्या माऱ्यात घोड्यांवर बसून राहिले. घोडे पडत होते. उतरून गोळीबार करावा, अशी त्यांच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती; कराबीन बाळगणाऱ्या माणसाला चढाईच्या क्षणाची वाट पाहत बसवले गेले. तो क्षण आला तेव्हा पायदळाची फळी फुटली होती आणि निम्मी उमेद गोळ्यांनी खाल्लेली होती. चढाई अर्धवट झाली. ब्रिटिश फौजेतली नऊशेहून अधिक माणसे त्या दिवशी मारली गेली.

दोष मात्र बराचसा माणसांवर गेला, तोही मुंबई इलाख्याच्या माणसांवर. रॉबर्ट्स पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्ताचा सर्वांत वजनदार पुरस्कर्ता ठरला. मद्रास आणि मुंबईकडचा शिपाई उत्तरेकडच्या शत्रूपुढे टिकणार नाही, हे त्याचे ठाम मत. या माणसाबद्दल मला आदर आणि चीड एकदम वाटते ती इथे. किल्ला काझीच्या अपयशात त्याने खोगीर पाहिले, बकेट पाहिले, तलवारीची लांबी पाहिली. गोऱ्या लान्सरच्या जातकुळीवर बोट ठेवले नाही. मैवंदच्या बाबतीत ती नजर त्याने वापरली असती तर? मराठी मुलखातल्या स्वाराला घोडदळात जागा आक्रसत गेली. ‘सिलदार’ आणि ‘बारगीर’ हे शब्द तेवढे टिकले, पण ते आता मुख्यत्वे पंजाबी, राजपूत आणि पठाण तोंडांत.

सुदानात २ सप्टेंबर १८९८ रोजी ऑम्दुर्मानला एकविसाव्या लान्सर्सनी केलेली चढाई व्हिक्टोरियन घोडदळाची अखेरची मोठी शोभायात्रा मानली जाते. त्या गर्दीत विन्स्टन चर्चिल होता, आणि त्याच्या हातात तलवार नव्हती, माउझर पिस्तूल होते. कारण थेट आपल्या मुंबईत सापडते: १८९६ साली ससून डॉकवर होडीतून उतरताना भिंतीतले कडे धरले आणि लाटेच्या हिसक्याने त्याचा खांदा निखळला होता. ती चढाई दोनएक मिनिटांची. २१ जण ठार, ५० जखमी, ११९ घोडे गेले किंवा निकामी झाले. शत्रू त्या नाल्यातून हटला तो मात्र यानंतर. लान्सर्स वळसा घालून बाजूला आले, घोड्यांवरून उतरले, बकेटातल्या कराबिनी उपसल्या आणि नाल्याच्या लांबीवरून बार सुरू केले. थोड्याच वेळात दर्वेश मागे सरले. चर्चिलनेच हे लिहून ठेवले आहे. चित्रकारांनी मात्र भाल्यांचीच चित्रे काढली.

पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. बोअर शेतकरी घोड्यावर येई, पण लढे जमिनीवरून. लांब पल्ल्याची माउझर त्याच्या हातात किंवा खांद्यावर. काडतुसांचा पट्टा छातीवर. तो उतरला की लगाम घोड्याच्या डोक्यावरून पुढे टाकून देई आणि शिकवलेले तट्टू तिथेच चरत उभे राही. ब्रिटिश स्वार उतरले की दर चारांतला एक माणूस घोडे धरायला मागे, म्हणजे एक चतुर्थांश बंदुका लढाईआधीच गप्प. उरलेल्या तिघांच्या हातात आखूड नळीची कराबीन, जी समोरच्या माउझरपर्यंत पुरत नव्हती. १८७७ला खांद्याला दिलेली सवलत इथे वसूल झाली. युद्ध चालू असतानाच घोडदळाच्या कराबिनी काढून घेऊन त्यांना पायदळाच्या रायफली देण्यात आल्या, आणि कित्येक पथकांच्या तलवारी-भाले गोदामात गेले. तोवर सरसेनापती म्हणून तिथे रॉबर्ट्सच आला होता, किल्ला काझीनंतर वीस वर्षांनी.

लांब रायफल जुन्या बकेटात नीट मावेना. घोड्यावरून जाणाऱ्या पायदळाची आधीपासून वेगळी रीत होती. रिकिबीजवळ एक आखूड चामडी खोळ, तिच्यात दस्ता टेकवायचा, नळी आकाशाकडे, आणि पट्टा उजव्या दंडात अडकवायचा. म्हणजे बंदुकीचे वजन घोड्यावर, पण तिचा ताबा माणसाकडे. उतरला की ती हातासोबत आलीच. दिवसभराच्या मजलीत दंड भरून येई, पण मला वाटते, तीस वर्षांच्या या भांडणात सुचलेली सर्वांत शहाणी तोड हीच. आणि ती घोडदळाने नव्हे, घोडदळ ज्यांना हिणवत असे त्या ‘घोड्यावरच्या पायदळा’ने वापरली. एवढ्या सगळ्यात जनावराची किंमत विसरू नये: ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे त्या युद्धात संपले, बरेचसे गोळीने नव्हे तर उपासमारीने, प्रवासाने आणि पाठीवरच्या ओझ्याने.

युद्धानंतर निघालेल्या ली-एनफील्डच्या आखूड रायफलीने हा जुना कज्जा एका अर्थी निकालात काढला. लांबी साडेचव्वेचाळीस इंच. पायदळाला तीच, घोडदळाला तीच. कराबीन ब्रिटिश फौजेतून गेली. १९०३ला रॉबर्ट्सने भालाही रणांगणापुरता रद्द केला. पण घोडदळाचे सरदार हटणारे नव्हते. तो निवृत्त झाला, १९०९ला भाला परत आला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश घोडदळाला नवी, सरळ पात्याची तलवार मिळाली. भोसकण्यासाठी इतकी उत्तम तलवार त्याआधी कधी घडली नव्हती असे जाणकार सांगतात. हिंदी स्वारांसाठी तिची लहान मुठीची वेगळी आवृत्ती काढली गेली. १९१०ला अर्स्किन चिल्डर्सने तलवार-भाल्यांविरुद्ध पुस्तक लिहिले. प्रस्तावना म्हाताऱ्या रॉबर्ट्सची.

१९१४च्या शेवटी हिंदी घोडदळ फ्रान्समध्ये उतरले. पूना हॉर्सही त्यांत होते. शिलेदारांच्या खोगिरांवर डाव्या अंगाला नवी तलवार होती आणि उजव्या अंगाला बकेटात सरकारी रायफल. फेस्टुबर्टच्या चिखलातल्या खंदकात जायची पाळी आली, तेव्हा त्यांना घोडे मागे सोडून पायी जायला सांगण्यात आले. तलवार घोड्याबरोबर मागे राहिली. रायफल बकेटातून काढून त्यांनी खांद्याला लावली. शिलेदारी पद्धतही त्या युद्धाने संपवली. मेलेल्या घोड्याच्या जागी नवा घोडा युरोपात कोणत्या शिलेदाराने कुठून आणायचा, याचा हिशेब कुणालाच जमेना, आणि युद्धानंतर दोनतीन वर्षांतच घोडा, खोगीर, तलवार, रायफल हे सगळे सरकारचे झाले.